माळ्यावरचा चेनसॉ

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोलीकडच्या आमच्या वाडीचा रस्ता आडव्या पडलेल्या झाडांनी बंद झाला होता. त्या दिवसांत झाडं कापायला घेतलेला चेनसॉ परवा शेजारचे काका घेऊन आले. "माळ्यावरच पडून होता रे. दोरी ओढून ओढून खांदा दुखला, बघ जरा."

टाकीचं झाकण उघडलं तर कुजक्या पेट्रोलचा वार्निशसारखा वास. प्लगची ठिणगी छान निळी होती, म्हणून सरळ पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर उघडला. त्यातला डायफ्राम म्हणजे एक पातळ, मऊ पडदा. इंजिनातल्या दाबाच्या चढउतारावर तो हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. हा मात्र पत्र्यासारखा कडक झालेला. नखाने दाबला की टक् वाजायचा. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, आणि कोकणात ओलीला काय तोटा! म्हणून मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो, ग्रास कटर असो की चेनसॉ, बेणणी, म्हणजे गवत काढणं, संपली की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

नवा डायफ्राम, नवी नळी, फिल्टर. सायलेन्सरच्या जाळीतली काजळी खरवडली. या मशीनला लिटरभर पेट्रोलमागे २० मिली टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल, लागतं, ते मोजूनच घातलं. सहाव्या ओढीला सुरू झालं.

काका चेनखालून निघालेला जुना भुसा तळहातावर घेऊन बघत होते. "दारातला हापूस," एवढंच म्हणाले.