गाडी बायकोच्या नावावर: विंडहूक ते व्हिक्टोरिया धबधबा

आफ्रिकेला गाडी चालवत फिरायला जातोय म्हटलं की लोक सिंहाचं विचारतात, सापाचं विचारतात, मलेरियाचं विचारतात. कागदांचं कुणी विचारत नाही. आम्हाला तर सिंहापेक्षा कागदांनीच जास्त दमवलं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल.

आम्ही चौघं. मी, बायको, मेव्हणा आणि त्याची बायको. मे महिन्याचा शेवट ते जून, म्हणजे तिकडची थंडी आणि कोरडा सीझन. प्लॅन असा की विंडहूकला गाडी घ्यायची, नामिबियाचं वाळवंट, समुद्रकिनारा, इटोशाचं अभयारण्य, मग वरच्या चिंचोळ्या पट्ट्यातून बोत्स्वानात कासानेपर्यंत, आणि तिथून झिम्बाब्वेत व्हिक्टोरिया धबधबा. नकाशावर बोटभर दिसतं सगळं. नामिबिया हा एकटा देशच महाराष्ट्राच्या पावणेतीनपट आहे आणि माणसं जेमतेम 30 लाख, त्यामुळे दोन पेट्रोल पंपांच्या मध्ये काय असतं तर काहीच नसतं.

सगळ्यात आधी यलो फीव्हरची लस. आमचं विमान आदिस अबाबावरून होतं आणि इथिओपिया यलो फीव्हरच्या यादीत आहे. विमानतळाच्या बाहेर न पडता थोडा वेळ थांबणार असाल तर नियमाने बहुतेक ठिकाणी सूट असते, पण फ्लाइट लेट झाली आणि थांबा 12 तासांच्या वर गेला की ती सूट गेली. म्हणून टोचून घेतलेली बरी. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, लस घेतल्याचा दाखला म्हणून पिवळं पुस्तक देतात, आणि टोचल्यावर 10 दिवसांनी ते लागू होतं. 2016 पासून ते आयुष्यभर चालतं, पूर्वी 10 वर्षांचं असायचं. अंड्याची ॲलर्जी किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर डॉक्टरांशी आधी बोला.

दुसरं म्हणजे आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट. आरटीओत हजार रुपयांत होतं, मुदत एक वर्ष. मी काढलं, मेव्हण्याने काढलं, आणि बायको म्हणाली माझंही काढा. मी म्हटलं तुला काय करायचंय, तू सांगलीत स्कूटी सोडून काय चालवतेस, तर म्हणाली लायसन्स आहे ना माझ्याकडे गाडीचं, मग असू दे. हजार रुपये भरले आणि विसरून गेलो. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

विंडहूकला उतरलो तर मेव्हण्याची बॅग आली नाही. पट्टा फिरून फिरून थांबला, लाइट बंद झाले तरी हा उभाच. अशा वेळी बाहेर पडायच्या आत तिथल्याच काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्यायचा, बोर्डिंग पासला चिकटवलेला बॅगेचा टॅग जपून ठेवायचा, आणि तोवर लागतील त्या कपड्यांच्या पावत्या ठेवायच्या. एअरलाइनची जबाबदारी मॉन्ट्रियल करारात ठरलेली आहे, पण पावती नसेल तर कुणी विचारत नाही. आमची गंमत अशी की चारही जणांचे स्वेटर एकाच बॅगेत भरले होते, जागा वाचावी म्हणून, आणि तीच बॅग राहिली. आफ्रिका म्हणजे ऊन असं डोक्यात असतं ना, तर जूनमध्ये त्या वाळवंटात पहाटे पाणी गोठायच्या बेतात असतं. विंडहूकच्या एका दुकानात चौघांना एकसारखी जाड जॅकेटं मिळाली, नारिंगी. पुढचा सगळा प्रवास आम्ही रस्त्याचं काम करणाऱ्या गँगसारखे दिसत होतो.

आता गाडीचा काउंटर. बुकिंग माझ्या नावावर, पैसे आधीच भरलेले. बाई म्हणाली डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड द्या, डेबिट नाही चालत. माझ्या क्रेडिट कार्डाचं लिमिट हॉटेलांच्या बुकिंगने खाल्लेलं. मेव्हण्याच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद, आणि ते चालू करायला ओटीपी येणार तो भारतातल्या सिमवर, ज्याला तिकडे रेंज नाही. बायकोने पर्समधून तिचं कार्ड काढलं. चाललं! पण कार्ड ज्याच्या नावाचं तोच मुख्य ड्रायव्हर पाहिजे. माझा चेहरा पडला. बायकोने शांतपणे दुसऱ्या कप्प्यातून परमिट काढून ठेवलं. म्हणजे कागदोपत्री डबल कॅब पिकअप, दोन स्टेपनी, छतावर तंबू, सगळं तिच्या नावावर, आणि मी व मेव्हणा 'जादा ड्रायव्हर'. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आता ताई म्हणेल तिथं थांबायचं."

तिकडे गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात, त्यामुळे तो प्रश्न नाही. प्रश्न खडीच्या रस्त्यांचा. डांबरी संपलं की रस्ता म्हणजे दाबलेली खडी, आडव्या लाटा लाटा, आणि वेग वाढवला की मागची चाकं नाचायला लागतात. कंपनीने करारात लिहिलेलं असतं, खडीवर ताशी 80 च्या वर नाही, अंधार पडल्यावर गावाबाहेर चालवायचं नाही, नाहीतर विमा गेला. गाडीत ट्रॅकर असतो, जास्त झालं की पीक पीक करतो. टायरमधली हवा कमी करून चालवायची, डांबरीवर आलं की परत भरायची, त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीतच देतात. आणि टायर-काचांचा विमा वेगळा असतो. तो घ्या. घ्याच.

सॉससव्लेईच्या, म्हणजे वाळवंटातल्या त्या उंच लाल वाळूच्या टेकड्यांचं वर्णन करत बसत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. तिथेच डेडव्लेई नावाच्या कोरड्या तळ्यात ती काळी वाळलेली झाडं कित्येक शतकं तशीच उभी आहेत, हवा इतकी कोरडी की कुजायलाही ओल नाही, ते मात्र प्रत्यक्ष बघण्यासारखं. शेवटचे पाच किलोमीटर निव्वळ वाळू आहे, तिथे शहाणपणा न करता पार्कची शटल घेतली. आमच्यापुढे एक गाडी दारापर्यंत रुतली होती.

पंक्चर झालं ते सॉलिटेअर सोडल्यावर, वॉल्विस बेकडे जाताना. सॉलिटेअर म्हणजे गाव म्हणावं तर एक पंप, एक बेकरी, आणि वाळूत गंजत पडलेल्या जुन्या गाड्या. तिथला ॲपल पाय प्रसिद्ध आहे आणि खरंच चांगला आहे. तो खाऊन सुस्तावलो होतो, चाळीसेक किलोमीटरवर मागचं चाक बसलं. जॅक लावला तर जॅकच खाली जातोय, गाडी वर येतच नाही. तेवढ्यात समोरून एक म्हातारा पिकअप घेऊन आला. तिकडे कुणी रस्त्याकडेला थांबलेलं दिसलं की माणसं विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. त्याने काही न बोलता स्वतःच्या गाडीतून फळीचा तुकडा काढला, जॅकखाली सरकवला, उभा राहिला. चाक बदलून होईपर्यंत उभा राहिला. मग फळी झटकली, गाडीत टाकली, गेला. मी पैसे द्यायला खिशात हात घातला तर त्याने नुसता तो हात धरून शेकहँड केला.

स्वाकोपमुंडला बॅग आली. हॉटेलवर आणून दिली त्यांनी, एक चाक तुटलेलं. स्वेटर मिळाले पण जॅकेटं आता अंगाला सवयीची झाली होती. हे गाव जर्मन वळणाचं, आणि समुद्र असूनही गारठा, कारण दक्षिणेकडून थंड पाण्याचा बेंग्वेला प्रवाह येतो आणि रोज सकाळी धुकं. समुद्र बघायला आलो आणि दुपारपर्यंत समुद्र दिसला नाही.

इटोशात ओकाउकुएजो कॅम्पला पाणवठ्याशी रात्रभर दिवे असतात, कुंपणाच्या अलीकडे बाकं आहेत. आम्ही जेवून गेलो. पहिला तास काही नाही. लोक कुजबुजतसुद्धा नाहीत तिथे, कुणाची चेन वाजली तरी सगळे वळून बघतात. मग एक काळा गेंडा आला, त्याच्या मागे पिल्लू, आणि पाठोपाठ हत्तींचा कळप आला. गेंडा हलेना. मोठ्या हत्तिणीने कान पसरले, दोन पावलं पुढे आली, गेंड्याने फुस्स केलं, पिल्लू त्याच्या पोटाखाली. शेवटी हत्तींनीच वळसा घालून पलीकडून पाणी प्यायलं. बायको रात्री एकपर्यंत तिथून उठली नाही. गाडी तिच्या नावावर, मी काय बोलणार.

पुढे रुंडूपासून काटिमा मुलिलोपर्यंत पाचशे किलोमीटर सरळ डांबरी, हाच तो पूर्वीचा कॅप्रिव्ही पट्टा, आता झांबेझी प्रांत म्हणतात. आपल्याकडे गुरांच्या पाट्या असतात तशा इथे हत्तींच्या, आणि त्या शोभेला नाहीत. एक हत्ती रस्त्याच्या मधोमध उभा राहून झाडाची फांदी सोलत होता, आम्ही इंजिन चालू ठेवून लांब थांबलो, मागे एक ट्रकवाला आला तोही निमूट थांबला. हॉर्न कुणी वाजवला नाही.

न्गोमाला बोत्स्वानाची बॉर्डर. इथे ड्रायव्हरने कागद घेऊन काउंटरवर जायचं, म्हणजे ही गेली. पासपोर्टचा शिक्का वेगळा, मग रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चासी नंबर, मग रोड परमिट आणि विम्याचे पैसे. कंपनीचं परवानगीपत्र लागतंच, त्यात कुठल्या कुठल्या देशात गाडी न्यायची ते नाव घालून लिहिलेलं असतं. बायकोने सगळे पेपर प्लॅस्टिकच्या फाइलीत लावून ठेवले होते, भिशीच्या हिशोबाची फाइल असते तसे. ऑफिसर खूश.

खरी मजा बाहेर. बोत्स्वानाचं बीफ युरोपला जातं, त्यामुळे जनावरांच्या लाळ्या खुरकूतला ते फार जपतात. रानम्हशींमधून हा रोग गुरांना लागतो, म्हणून जागोजागी कुंपणं आणि तपासणी. गाडीची चाकं औषधाच्या पाण्यातून न्यायची, माणसांनी ओल्या गोणपाटावरून चालायचं, आणि मेव्हण्याने काटिमाला शेगडीवर भाजायला म्हणून घेतलेलं दोन किलो मटण जप्त. त्याचा चेहरा बघवत नव्हता. मग तो माणूस म्हणाला बॅगेतली बाकीची पायताणंपण दाखवा. बायकोची नवी कोरी कापशी चप्पल, खास फोटोसाठी आणलेली, हॉटेलबाहेर एकदाही न घातलेली. तिने समजावून बघितलं, तळवा दाखवला. तो फार नम्रपणे सॉरी मॅडम म्हणाला आणि दोन्ही चपला पाण्यात बुडवल्या. कासानेला पोचेपर्यंत त्या वाळून पापडासारख्या वर वळल्या.

झिम्बाब्वेत गाडी नेली नाही. आमच्या परवानगीपत्रात तो देश नव्हता, आणि असता तरी तिकडे तात्पुरत्या आयातीचा कागद, कार्बन टॅक्स, रस्त्याची फी, अग्निशामक, दोन त्रिकोण, अशी लांबलचक भानगड. गाडी कासानेच्या लॉजवर ठेवून शटल केली, कझुंगुलाच्या बॉर्डरवर गाडी बदलतात, पलीकडून तासाभरात व्हिक्टोरिया फॉल्स गाव. एक बघून घ्या, परत बोत्स्वानात यायचं असेल तर बोत्स्वानाची एंट्री एकापेक्षा जास्त वेळची पाहिजे. आणि डॉलर रोख, त्यातही एक-पाचच्या नोटा भरपूर, सुटे मिळायची आशा ठेवू नका.

धबधबा दिसला का? अर्धा. मार्च ते मे झांबेझी नदीला सगळ्यात जास्त पाणी असतं, जूनमध्येही बरंच. 1,708 मीटर रुंद आणि 108 मीटर उंच असं पाणी कोसळतं आणि त्याचं तुषार परत वर येऊन पावसासारखं अंगावर पडतं. काही पॉइंटवर समोर नुसतं पांढरं आणि कानात आवाज. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला होता तरी दोन दिवस स्पीकर खरखरत होता. पूर्ण कडा बघायचा असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर बरा, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरला झांबियाच्या बाजूला बऱ्याच भागात नुसता खडक उरतो. झिम्बाब्वे आणि झांबियाला जोडणाऱ्या 1905 च्या रेल्वे पुलावर मात्र जरूर जा, झिम्बाब्वेच्या चौकीवर पुलापुरता पास देतात, झांबियाचा व्हिसा लागत नाही.

तिथेच बबूनने भडंगाची शेवटची पिशवी पळवली. भिंतीवर बसून फाडली आणि फक्त शेंगदाणे वेचून खाल्ले.

कासानेलाच गाडी परत केली, एकीकडे घेऊन दुसरीकडे सोडण्याचे वेगळे पैसे लागतात पण परत विंडहूकपर्यंत कोण जाणार. परतीचं जोहान्सबर्गवरून होतं, आमच्याकडे दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा नव्हता, म्हणून मुंबईपर्यंत एकच तिकीट घेतलं होतं. वेगवेगळी तिकिटं असली तर बॅग घ्यायला इमिग्रेशनच्या बाहेर यावं लागू शकतं, आणि व्हिसाशिवाय ते शक्य नाही. मुंबईत उतरल्यावर पिवळ्या पुस्तकांची रांग होती. आमच्या पुढच्या एका काकांचं पुस्तक चेक-इन बॅगेत होतं, त्यांना बाजूला बसवून ठेवलं होतं. ते हातात ठेवा.

पुढे तीन आठवड्यांनी डिपॉझिट सुटलं, टायरचे पैसे विम्यातून, जॅकेटांचे पावत्या लावल्यावर एअरलाइनकडून, थोडे कापून. आणि गाडीच्या कंपनीची एक मेल आली, ट्रॅकरचा रिपोर्ट जोडलेला. इटोशाकडे जाताना 80 च्या पट्ट्यात 97, दंड कार्डातून वळता करत आहोत. तेव्हा गाडी मेव्हणा चालवत होता, हे आम्हा चौघांनाही पक्कं माहीत आहे. मेलवर नाव बायकोचं. तिने ती मेल त्याला पाठवली आणि खाली लिहिलं, मटणाचे आणि चपलांचे धरून पाठव.