कोल्हापूरची सावली दक्षिणेला, हिंगणघाटची उत्तरेला

मी पुण्यात एका संशोधन संस्थेत आउटरीचचं काम करते. म्हणजे शाळांच्या सहली आल्या की त्यांना लॅब दाखवायची, व्याख्यानं लावायची, आत काय चाललंय ते बाहेरच्यांना कळेल असं सांगायचं. त्यात एक काम मी स्वतःहून वाढवून घेतलंय, ते म्हणजे मराठीत विज्ञानावर ब्लॉग लिहिणाऱ्यांना वर्षातून एकदोनदा एकत्र बोलावणं. असे लोक आहेत, आणि वाटतात त्यापेक्षा बरेच जास्त आहेत. कुणी शाळेत शिक्षक, कुणी वीज कंपनीत इंजिनिअर, एकजण बँकेतून रिटायर झालेले, एकीची स्वतःची पॅथॉलॉजी लॅब. १९९६ साली मायबोली ही मराठी वेबसाइट सुरू झाली तेव्हापासून इंटरनेटवर मराठी लिहिणारे यात आहेत आणि कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेलेही आहेत. पण हे सगळे आपापल्या गावात एकटे असतात. रात्री जेवणं झाल्यावर लिहितात, घरच्यांनाही नीट माहीत नसतं.

मला सांगायचंय ते मे महिन्यातल्या एका मीटअपबद्दल, आणि त्याचं मूळ आहे आदल्या वर्षी आलेल्या परभणीच्या काकांच्या फोनमध्ये. शून्य सावली दिवस तुम्हाला माहीत असेलच, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली जाते. दरवर्षी मे महिना आला की मेसेज फिरतो, उद्या महाराष्ट्रात शून्य सावली, जरूर पाहा. आमच्या ग्रुपमधल्या एकाने पुण्याची तारीख धरून छान लेख लिहिला होता, काकांनी तो वाचला, अंगणात मुसळ उभं केलं, नातवंडं जमवली, आणि सावली काही गेली नाही. बोटभर का होईना उरलीच. त्यांनी लेखकाचा नंबर शोधला, लेखकाने माझा दिला. काका चिडले नव्हते, त्यांचा साधा प्रश्न होता, "मॅडम, आमच्या गावाला कधी ते कोण सांगणार?"

हा प्रश्न मला पार आतपर्यंत लागला. कारण पुण्यात ही घटना १३-१४ मेला होते, मुंबईत १५-१६ला, परभणीत त्याच्याही एक दिवस पुढे. सूर्य मे महिन्यात रोज थोडा थोडा उत्तरेला सरकतो, सुरुवातीला दिवसाला तीसेक किलोमीटर, महिना संपेपर्यंत त्याच्या निम्मं. म्हणजे गोव्यात २ मेच्या आसपास, सावंतवाडीत त्याच्यापुढे एकदोन दिवसांनी, कोल्हापुरात ७च्या आसपास, सोलापुरात १०ला, नाशकात २०ला, नागपुरात २६ला आणि सातपुड्यात धडगावकडे पार महिनाअखेरीला. सूर्य डोक्यावर येतो तो उत्तरेला कर्कवृत्तापर्यंतच, आणि ते आपल्या उत्तरेला मध्यप्रदेशात आहे, त्यामुळे महाराष्ट्रातलं एकही गाव यातून सुटत नाही, प्रत्येकाला वर्षातून दोनदा मिळतं. दुसऱ्या वेळी म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे काही दिसत नाही तो भाग वेगळा. आणि एवढं असूनही आम्ही सगळे पुण्यामुंबईची तारीख लिहीत होतो.

तर मी ठरवलं की पुढच्या मेची मीटअप शून्य सावलीच्याच दिवशी, १४ मेला पुण्यात घ्यायची, पण सगळ्यांनी पुण्यात यायचं नाही. ज्यांना पुण्यात यायला सोयीचं त्यांनी यावं, बाकीच्यांनी आपल्याच गावात गच्चीवर उभं राहून फोनवर यायचं आणि एक माप घेऊन द्यायचं. दोन ठिकाणं पक्की झाली. दक्षिणेला कोल्हापूर, तिथले एक सर नववी-दहावीला विज्ञान शिकवतात आणि ग्रहताऱ्यांवर लिहितात. उत्तरेला वर्धा जिल्ह्यातलं हिंगणघाट, तिथल्या मॅडम ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात, त्यांचं लिखाण मला फार आवडतं, वाक्याला वाक्य लागून येतं आणि कुठेही उसनं वाटत नाही.

सामान साधं होतं. बरोबर एक मीटर उंचीची, वीतभर रुंद प्लायवुडची फळी, तिचं तोंड उत्तर-दक्षिण येईल अशी उभी करायची, ओळंबा लावून दोन्ही बाजूंनी तपासायची, खाली सपाट जमीन आणि त्यावर पांढरा कागद. सरळ उभी असणं हेच सगळं आहे, फळी अर्धा अंश कलली तर सावलीत जवळजवळ नऊ मिलिमीटरचा फरक पडतो आणि आम्हाला मोजायचं होतं ते सगळं मिळून तीनचार सेंटिमीटर. दुसरी भानगड सावलीच्या कडेची. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात त्याची रुंदी अर्ध्या अंशाची, त्यामुळे मीटरभर उंचीवरून पडणाऱ्या सावलीची कड साधारण नऊ मिलिमीटर धूसर असते. मग खूण कुठे करायची यावर आमच्या ग्रुपमध्ये आठवडाभर चर्चा झाली, शेवटी ठरलं की पूर्ण काळं जिथे संपतं आणि पूर्ण ऊन जिथे सुरू होतं त्याच्या मधोमध रेघ मारायची आणि तिघांनी वेगवेगळी मारून मधली धरायची. कोल्हापूरच्या सरांनी तर गवंड्यालाच बोलावलं होतं ओळंब्यासाठी.

त्या दिवशी पुण्यात ऊन कडक होतं. संस्थेच्या गच्चीवर आम्ही वीसपंचवीस जण, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, कुणी पोराला घेऊन आलेलं. आणि हो, परभणीचे काका आले होते, बसने, मी बोलावलं होतं म्हणून.

इथे एक गंमत आहे जी मीटअप नसती तर मला इतकी स्पष्ट कधी जाणवली नसती. घड्याळ सगळ्या देशाचं एक, पण दुपार प्रत्येक गावाची वेगळी. हिंगणघाट पूर्वेला असल्यामुळे तिथला मध्यान्ह १२ वाजून ११ मिनिटांनी, कोल्हापूरचा १२:२९ला आणि पुण्याचा १२:३१ला. म्हणजे फोन आधी हिंगणघाटला. स्पीकर लावला, गच्चीवर सगळे गप्प, मॅडम आकडे सांगताहेत, मागून पोरांचा गलका. "तीन पॉइंट तीन सेंटिमीटर, उत्तरेकडे." लिहून घेतलं. मग अठरा मिनिटं काही नाही, लोक चहा पिऊन आले, आणि १२:२९ला कोल्हापूर. सर जवळजवळ ओरडतच होते, "मॅडम, दक्षिणेला पडलीय की ओ! तीन पॉइंट दोन, पण दक्षिणेला!" त्यांना हे गणिताने माहीत होतं, ते स्वतः शिकवतात, पण जन्मभर दुपारची सावली उत्तरेकडे पडलेली पाहायची सवय असलेल्या माणसाला आपल्याच अंगणात ती उलट्या बाजूला दिसली की काय होतं ते त्या आवाजात होतं. आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत आमची १२:३१ झाली, खाली पाहिलं तर बादली, बाटल्या, फळी, कशालाच सावली नाही. एकाच दुपारी तीन गावं, एकाची सावली उत्तरेला, एकाची दक्षिणेला, मधल्याची नाहीच.

मग खाली हॉलमध्ये बसून गणित. एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हेच केलं होतं, दक्षिणेला सायनीत म्हणजे आजच्या आस्वानला सूर्य डोक्यावर, त्याच दिवशी अलेक्झांड्रियात सावली वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतकी, म्हणजे ७.२ अंश, मग दोन शहरांमधल्या अंतराला पन्नासने गुणलं की पृथ्वीचा परीघ. आमचं तसंच, सावलीची लांबी आणि फळीची उंची यांवरून हिंगणघाटचा कोन १.८९ अंश आणि कोल्हापूरचा १.८३, दोन्ही विरुद्ध बाजूंना म्हणून बेरीज, ३.७२. आता दोन गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर हवं, रस्त्याचं चालत नाही कारण रस्ता तिरका जातो. भिंतीवर सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा होता, त्यावर पट्टी धरून साधारण ४२५ किलोमीटर आलं. ३६० भागिले ३.७२ गुणिले ४२५, उत्तर ४१ हजार १०० किलोमीटरच्या आसपास. खरा आकडा ४० हजारांच्या जवळ. तीन टक्क्यांच्या आत! टाळ्या वाजल्या, फोनवरही वाजल्या.

आणि तेव्हा बँकेतून रिटायर झालेल्या काकांनी हात वर केला. ते म्हणाले, "कोन आपण मोजला, मान्य. पण अंतर नकाशावरून घेतलं. तो नकाशा ज्याने काढला त्याने पृथ्वी केवढी आहे ते आधी धरलेलं नाही का? मग आपण नवीन काय मोजलं?"

प्रश्न रास्त होता. मी उत्तराची जुळवाजुळव करत होते की नकाशातलं अंतर शेवटी जमिनीवर मोजलेल्या अंतरावरूनच येतं, साखळ्या, त्रिकोण, वगैरे, तेवढ्यात स्पीकरवरून हिंगणघाटच्या मॅडम बोलल्या. "सर, हे अंतर मोजता मोजता जो माणूस गेला ना, त्याची कबर आमच्या गावातच आहे."

हॉलमधल्या बहुतेकांना हे माहीत नव्हतं. मॅडमनी सांगायला सुरुवात केली आणि मी घड्याळ बघणं सोडून दिलं. विल्यम लॅम्बटन, ब्रिटिश लष्करातला सर्व्हेयर. १८०२ साली मद्रासला सेंट थॉमस माउंटजवळ त्याने साडेसात मैलांची एक रेघ जमिनीवर साखळीने मोजली, ती पायाभूत धरून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत ७८ रेखांशाच्या आसपासने तो उत्तरेकडे निघाला. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, माणसांच्या खांद्यावरून टेकड्यांवर चढवायचे. १८०८मध्ये तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना तो आपटला, तर त्याने स्वतः ठोकून ठाकून तो दुरुस्त केला. नकाशा हा त्याचा एक हेतू, पण दुसरा आणि त्याला जास्त प्रिय हेतू नेमका आमचाच, एक अंश म्हणजे जमिनीवर किती अंतर हे मोजून पृथ्वीचा आकार काढायचा. वीस वर्षं हे केल्यावर १८२३च्या जानेवारीत नागपूरकडे जाताना हिंगणघाटला तो वारला. काम पुढे एव्हरेस्टने उचललं, ज्याचं नाव शिखराला आहे, आणि १८४१ साली ती माळ कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्याशी पोचली. म्हणजे नकाशावरचं आमचं ४२५ हे कुणी धरलेलं नव्हतं, पायी चालून मोजलेलं होतं.

"मी लिहिलं आहे यावर," मॅडम म्हणाल्या, "पण वाचते कोण, आमच्याच गावचे पोट्टे वाचतात." मग त्या थोडं थांबून म्हणाल्या, "तेच वाचायला पाहिजे ना, पण."

मला हे वाक्य त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आम्ही ब्लॉगवाले आपापसात नेहमी रीच, शेअर, व्ह्यूज यावर बोलतो. नासाने काय शोधलं, जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत काय चाललंय, हे मराठीत आणायला हवंच, त्यात वाद नाही. पण हिंगणघाटची सावली आणि हिंगणघाटची कबर नासा लिहिणार नाही, पुण्यातलीही कुठली संस्था आपणहून लिहिणार नाही, ते हिंगणघाटच्याच माणसाला लिहावं लागणार. २०२०च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आघारकर संस्थेने तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्याला कारण, पण पाणी रोज कसं बदलतंय हे तळ्याकाठचाच माणूस पाहू शकतो. रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं तिथल्याच लोकांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना विचारून शोधली. आणि वेगवेगळ्या गावांत बसलेले, एकमेकांना ओळखणारे, मोजायला तयार असलेले लिहिणारे हे एक असं साधन आहे जे आमच्या लॅबमध्ये कितीही पैसे घातले तरी विकत मिळत नाही. मला पुण्याच्या गच्चीवर एकटीला पृथ्वी मोजता आली नसती, त्याला कोल्हापूर लागलं आणि हिंगणघाट लागलं.

संध्याकाळपर्यंत एक काम मात्र उरकलंच. लॅपटॉप घेऊन चारपाच जण बसले आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या प्रत्येक तालुक्याची शून्य सावलीची तारीख आणि वेळ यांचा तक्ता केला, अक्षांश घातला की तारीख येते, रेखांशावरून वेळ. परभणीच्या काकांनी आपलं गाव स्वतः शोधलं, मग बायकोचं माहेर शोधलं, मग मुलगी दिली ते गाव. जाताना प्रिंट घेऊन गेले, तिसऱ्या दिवशी मुसळाचा फोटो आला.

नंतर ऑफिसात विचारणा झाली की पुण्याची संस्था हिंगणघाटच्या कार्यक्रमावर खर्च का करणार. मी ४१ हजार १०० हा आकडा आणि त्यामागची दोन मापं टेबलावर ठेवली, अर्धा खर्च मंजूर झाला, उरलेला लिहिणाऱ्यांनी आपसात वाटून घेतला. तर पुढची भेट हिंगणघाटला आहे, २२ डिसेंबरला. त्या दिवशी सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो, एक मीटरच्या फळीची सावली तिथे जवळजवळ मीटरभरच पडेल आणि कोल्हापुरात तिच्यापेक्षा बाराएक सेंटिमीटरने कमी, म्हणजे नव्या पद्धतीने तोच परीघ काढून बघता येईल. सकाळी लॅम्बटनच्या कबरीपाशी मॅडम बोलणार आहेत. सावंतवाडीतून एक ताई माप देणार आहेत. उत्तरेला मात्र धुळ्याच्या पुढे आमचं कुणीच नाही, त्यामुळे धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडे विज्ञानावर लिहिणारं किंवा लिहावंसं वाटणारं कुणी असेल तर मला जरूर कळवा, फळी आणि ओळंबा आम्ही पाठवू.