आवाजाकडे मान

लंडनमध्ये मी टीव्हीवरच्या मालिकांसाठी दृश्यवर्णन लिहिते. पडद्यावर काय चाललंय ते अंध प्रेक्षकांना दोन संवादांच्या मधल्या फटीत सांगायचं. फट कधी चार सेकंदांची, कधी जेमतेम दीड. लिहून झालं की आमचे सल्लागार शेजारी बसून ते ऐकतात. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, चाळिशीत दृष्टी गेलेली.

त्या दिवशी सकाळी 'पॉरिज'चा एक भाग होता. १९७४ ते १९७७ या काळातली बीबीसीची तुरुंगातली विनोदी मालिका. तिच्यातला ग्राउटी म्हणजे कैद्यांचा दादा. पीटर व्हॉन यांनी तो साकारला. मालिकेच्या अवघ्या तीन भागांत ते दिसतात, पण नसतात तेव्हाही त्यांचा वचक जाणवतो. मी लिहिलं होतं, "ग्राउटी रोखून बघतो."

"हे काढ," सल्लागार म्हणाले. "इतक्या शांतपणे धमकावतोय, म्हणजे रोखूनच बघत असणार."

काढलं.

दुपारी 'गेम ऑफ थ्रोन्स'. २०११चा पहिला हंगाम. भिंतीवरच्या पहारेकऱ्यांचा म्हातारा, आंधळा मेस्टर, म्हणजे त्यांचा विद्वान वैद्य, एमन तरुण जॉनशी बोलतोय. चार वाक्यं झाली असतील नसतील, सल्लागारांनी हात वर केला. "थांब. हा सकाळचाच माणूस आहे ना?"

माझ्या अंगावर काटा आला. दोन्ही कामांमध्ये पस्तीसेक वर्षांचं अंतर, आवाज पार पिकलेला, आणि नाव मी उच्चारलंही नव्हतं.

मग मला राहवलं नाही, पीटर व्हॉनबद्दल सांगत सुटले. श्रॉपशरमधल्या वेम गावी १९२३ साली जन्मलेला हा नट, आडदांड बांधा, त्यामुळे वर्षानुवर्षं गुंड आणि खलनायकच वाट्याला आले. पण 'द रिमेन्स ऑफ द डे' या चित्रपटात हातातल्या ट्रेसकट फरशीवर कोसळणारा म्हातारा बटलर त्यांचाच. आणि १९९६च्या 'अवर फ्रेंड्स इन द नॉर्थ' या मालिकेतला फेलिक्स! तरुणपणी जॅरोच्या बेकारांच्या मोर्चात चाललेला बाप, म्हातारपणी स्मृतिभ्रंशात हरवत जातो. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम ते. मला वडिलांची आठवण येते म्हणून ते पुन्हा बघवत नाही, एवढंच. २०१६च्या डिसेंबरात, ९३व्या वर्षी ते गेले.

शेवटी सांगितलं, "एमन करताना त्यांची स्वतःचीही नजर बरीच गेलेली होती."

सल्लागार गप्प झाले. बोटं टेबलावर तशीच. मग म्हणाले, "मघाचं तुझं वाक्य परत लाव."

लावलं. "एमन जॉनकडे बघतो."

दोघांनीही ते ऐकलं. मी कान धरायचीच बाकी होते. आंधळ्या माणसाला मी बघायला लावलं होतं, आणि दोन वेळा तपासूनही ते माझ्या नजरेतून सुटलं होतं.

"काय करतात ते नेमकं?" त्यांनी विचारलं.

मी दृश्य मागे नेलं, आवाज बंद करून पाहिलं आणि लिहिलं, "एमन जॉनच्या आवाजाकडे मान वळवतो." फटीत बसेना. 'जॉनच्या' काढलं, मग बसलं.