आज आबांच्या सगळ्या चिठ्ठ्या एका टेबलावर आल्या

अमळनेरहून सकाळच्या एसटीने आबांना घेऊन धुळ्याला गेलो. पार्किन्सनचं, म्हणजे कंपवाताचं, हे सहावं वर्ष. मेंदूचे डॉक्टर वेगळे, बीपीचे वेगळे, पोटाचे वेगळे. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने कधी पाहिलीच नाही. मागच्या महिन्यात मळमळीवर एकाने मेटोक्लोप्रमाइड दिलं आणि चार दिवसांत आबा खांबासारखे आखडले. हे औषध मेंदूतल्या डोपामीनची, म्हणजे हालचालींना लागणाऱ्या रसायनाचीच वाट अडवतं, पार्किन्सनमध्ये ते चालत नाही. हे मला आज कळलं. फार लागलं मनाला.

आजच्या डॉक्टरबाईंनी पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या. एकेक तपासली, दोन बंद केल्या. लेवोडोपा, म्हणजे पार्किन्सनची मुख्य गोळी, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, कारण डाळ-दुधातलं प्रथिन तिच्या आड येतं. आम्ही इतकी वर्षं वरण-भाताबरोबरच देत होतो! शेजारच्या खोलीत फिजिओथेरपिस्टने फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या आणि आबांना त्या ओलांडत चालायला सांगितलं. दारात नेहमी खिळणारे आबा चालले. म्हणाले, "आज पाय ऐकतस मन्हं."

गिळताना ठसका लागतो का, रात्री उठावं लागतं का, मन उदास असतं का, सगळं त्याच एका कागदावर लिहून घेतलं. अशी सोय तालुक्याला का नसावी? माणूस एकच आहे ना!

निघताना बाई मायकडे वळल्या. "आई, तुम्ही रात्री किती झोपता?"

सहा वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. मायने पदर डोळ्यांना लावला.