‘नवा कंडेन्सर टाकून द्या’ : आमची वाटचाल

वडिलांनी भुसावळला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा रेडिओ बाळगायला पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं. गिऱ्हाईक रेडिओ काखेत मारून यायचं आणि पायरीवरूनच सांगायचं, “कंडेन्सर गेला वाटतं, नवा टाकून द्या.” वडील हो-हो म्हणत आधी वायरची पिन उघडून बघायचे. बऱ्याचदा काम तिथंच संपायचं.

कंडेन्सर म्हणजे वीज साठवून ठेवणारा छोटा भाग. पुस्तकातलं नाव कपॅसिटर. आमच्या टेबलावर तो आजही कंडेन्सर, म्हणून इथेही तेच लिहितो.

गिटारचे अँप, म्हणजे आवाज मोठा करणारे अँप्लिफायर, दुकानात आले ते रेल्वेमुळे. कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन घरांमधून गिटार असायची, इन्स्टिट्यूटमध्ये नाच-गाणी व्हायची आणि बिघडलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अँप आमच्याकडे यायचा. पुढे ती घरं पांगली. रेडिओ संपला, टीव्ही आला, तोही संपला. मी दुकानात बसायला लागलो तेव्हा पोट चालत होतं ते बेंजो पार्ट्यांवर. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळांचा आपला बुलबुलतरंग, त्याला पिकअप लावलेला. खान्देशात लग्न म्हटलं की तो आलाच. गाडीवर जनरेटर, जनरेटरवर अँप, आणि वरातीच्या मध्येच पोरगं धापा टाकत दुकानात: “भाऊ, मशीन घुंई घुंई करस!”

या घुंईनेच मला धंदा शिकवला, आणि पहिला धडा महाग पडला. एक काका वडिलांच्या वेळचा अँप घेऊन आले. तो बारा वर्षं माळ्यावर पडून होता. मी उत्साहात धूळ झटकली आणि सरळ २३० व्होल्टवर लावला. काही सेकंद शांतता, मग ‘फट्’, कागदाचे तुकडे आणि कुजक्या मासळीसारखा वास. कंडेन्सर शॉर्ट झाला आणि जाताना मेन ट्रान्सफॉर्मरही घेऊन गेला. जळगावहून वाइंडिंग करून आणलं, पैसे मी भरले. काका काही बोलले नाहीत, पण पुन्हा आलेही नाहीत.

चूक काय होती ते आज सांगता येतं. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी गुंडाळलेली असते आणि तिच्यावर ऑक्साइडचा सूक्ष्म थर असतो. तो थर व्होल्टेजवरच टिकतो. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की विरतो. मग एकदम ३५०-४०० व्होल्ट अंगावर आले की करंट आरपार. म्हणून आता बंद पडून असलेला अँप कोणी आणला, तर आधी सिरीज बल्बवर आणि मग डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर, हळूहळू चढवतो. कधी कंडेन्सर सुटा करून रेझिस्टन्समधून वेगळी सप्लाय देतो. काही सावरतात. फुगलेले किंवा बुडाशी चिकट डाग सोडलेले मात्र मी तपासतही बसत नाही, ते काढायचेच.

दुसरा धडा उलट्या बाजूचा. एका अँपमध्ये घूं येत होतं. मी सगळे फिल्टर, म्हणजे सप्लाय सपाट करणारे कंडेन्सर, बदलले, बिल केलं, लावलं, तर घूं तसंच! चार दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की स्पीकर हलवणाऱ्या दोन ईएल ८४ व्हॉल्व्हपैकी एक थकला होता. जोडी समान असली की दोघांचं घूं एकमेकांत जिरतं. एक ढिला पडला की उरलेलं ऐकू येतं. कंडेन्सर बिचारे चांगले होते.

तेव्हापासून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी ऐकायचं. आपली वीज ५० हर्ट्झची. एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून गेली की घूं दुप्पट होतं, १०० हर्ट्झ. फिल्टर थकला की हे १०० चं घूं वर येतं. अर्थिंग किंवा फिलामेंटच्या वायरिंगचं घूं बहुतेक ५० चं, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. कानाने ओळखायचं तर गिटारच्या जाड तारेवर तिसरा फ्रेट दाबा. तो स्वर ९८ हर्ट्झचा आहे. अँपचं घूं त्याला जवळजवळ चिकटलं तर संशय फिल्टरवर. मग व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरी घूं तेवढंच राहिलं तर दोष व्हॉल्यूमच्या बटणानंतरच्या भागात. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त झालं तर गिटार, वायर, नाहीतर डोक्यावरची ट्यूबलाइट.

पण घूं हे उशिराचं लक्षण. वाजवणाऱ्याला त्याच्या आधीच जाणवतं, फक्त सांगता येत नाही. “आवाज दबतो,” तो म्हणतो. जोरात झंकार मारला की खालचा स्वर मऊ, चिखलात पाय गेल्यासारखा. वरची तार ताणली की तिच्याखाली दुसराच एक बेसूर स्वर कुजबुजतो. ते सप्लायचं घूं त्या स्वरात मिसळलेलं असतं. आणि मधल्या टप्प्यांचा फिल्टर गेला तर अँप आपोआप फट्-फट्-फट् करायला लागतो, थेट केळीच्या मळ्यातल्या जुन्या ऑइल इंजिनासारखा.

यानंतर मीटर. चालू अँपमध्ये पहिल्या फिल्टरवर एसी व्होल्ट मोजतो. ५० मायक्रोफॅरडला पाच-सात व्होल्ट चालतात, वीस दिसले तर निकाल लागला. मग बंद करून आतला साठा उतरवायचा. प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्ट बसलेले असू शकतात. वडील स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडायचे आणि हसायचे. मी क्लिप लावलेला १० किलोओहमचा जाड रेझिस्टन्स वापरतो, दहा सेकंद थांबतो आणि पुन्हा मोजतो. घरी कोणी हा प्रयोग करू नये. मग कंडेन्सर सुटा करून ईएसआर मीटर, ते त्याचा आतला रेझिस्टन्स आणि मायक्रोफॅरड दाखवतं. एका बेंजोवाल्याच्या अँपमधला ४७०० मायक्रोफॅरडचा फिल्टर ११०० वर आलेला मी पाहिला आहे. वरून अगदी नवाकोरा.

आमच्याकडे हे लवकर होतं, त्याला कारण आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ८५ अंशांवर २००० तासांचा माल ६५ वर ८००० तास जातो. पण मे महिन्यात भुसावळ बाहेरच ४५ वर असतं. व्हॉल्व्हच्या शेजारी, बंद पेटीत काय होत असेल ते बघा. म्हणून नवीन टाकताना १०५ अंशांचेच घेतो आणि व्होल्टेजला थोडी जागा ठेवतो. मायक्रोफॅरडचा आकडा मात्र उगाच वाढवत नाही. ईझेड ८१ सारखा रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल तर पहिल्या फिल्टरला ५० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे. ‘मोठा टाका, बेस वाढेल’ म्हणून १०० बसवला तर तो व्हॉल्व्ह लवकर जातो.

मालाचंही एक गाऱ्हाणं आहे. एकदा स्वस्तात एक लॉट घेतला. एक फोडला तर मोठ्या डब्यात लहानसा कंडेन्सर झोपलेला! तेव्हापासून प्रत्येक नग मोजूनच बसवतो. वडिलांच्या बिस्किटाच्या डब्यातले ‘नवे’ कंडेन्सरही मी वापरत नाही. पडून पडून तेही म्हातारे झालेत. डबा मात्र टेबलावरच आहे, त्यात आता प्लेक्ट्रम असतात.

हल्ली गिटारचं काम पुन्हा वाढलंय. नवापूरकडच्या चर्चमधली पोरं डिसेंबरात हमखास येतात, चोवीस तारखेच्या आत हवं असतं. गेल्या खेपेस एकाला मी तीनशे रुपये तपासणीचे घेऊन अँप परत दिला. फिल्टर उत्तम होते, जॅकचा नट ढिला होता.

“काका, पण वीस वर्षं जुना आहे ना? सगळे बदलावे लागतात म्हणे.”

मी त्याला तिसरा फ्रेट दाबायला लावला आणि मग तार सोडून ऐकायला लावलं. घूं नव्हतंच. झाकणाच्या आत त्या दिवशीचं माप आणि तारीख पेन्सिलने लिहून दिली. आणखी दोन-तीन वर्षांनी आणेल तेव्हा आकडा किती हलला ते बघू. वीस वर्षांचा झाला की संशय घ्यावा हे खरं, पण माप घेऊन.

लग्नसराईत बेंजोवाल्यांचं काम आधी होतं, त्यामुळे गिटारवाल्यांनी शक्यतो पावसाळ्यात यावं. येताना फक्त अँप आणू नका. गिटार आणि रोजची वायरही आणा.