अंगठ्याच्या बाजूने

कुणी मनगट पकडलं तर हात अंगठ्याच्या बाजूने फिरवून ओढून घ्यायचा. चार बोटं एकीकडे, अंगठा एकटा, त्यामुळे पकड तिथेच कच्ची असते. स्वसंरक्षणाच्या कार्यशाळा घेणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे हे मी झोपेतही सांगू शकते. त्या दिवशी एका कार्यालयातल्या चाळीसेक बायकांना तेच शिकवत होते. मागच्या रांगेतून आवाज आला.

"मॅडम, सर म्हणतात, चला घरी सोडतो. त्यांनी कुठे मनगट धरलंय? तिथे अंगठ्याच्या बाजूने काय फिरवायचं?"

हशा पिकला. आणि जरा जास्तच पटकन विरला.

विचारणाऱ्या बाई पन्नाशीच्या, हिशेब विभागातल्या. तोवर त्यांनी पॅडवर एकच फटका मारला होता, तोही शेजारणीने पुढे ढकललं म्हणून. मी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, आपल्याकडे उत्तर नाही. खरं तर असायला हवं होतं. लैंगिक अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, हे मीच दर कार्यशाळेच्या सुरुवातीला सांगते. सांगते, आणि मग दोन तास अंधारातून अंगावर येणाऱ्या अनोळखी माणसाशी कसं लढायचं ते शिकवते.

कॅनडातल्या विद्यापीठांमधला एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनींना एकूण बारा तासांचं प्रशिक्षण दिलं गेलं, चार सत्रांत. त्यातलं हाणामारीचं सत्र एकच. बाकीचा भर ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका वेळीच ओळखण्यावर, 'त्याला वाईट वाटेल' या अडसरावर आणि स्वतःला काय हवं, काय नको हे स्वतःशी स्पष्ट असण्यावर. वर्षभरानंतर पाहिलं तर नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या गटात बलात्काराचं प्रमाण 9.8 टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात 5.2. हे आकडे मला पाठ होते. शिकवत मात्र मी मनगटच होते.

पॅड कोपऱ्यात ठेवले. म्हटलं, "मी सर होते. एकेकीने पुढे या. मी घरी सोडतो म्हणणार, तुम्ही नाही म्हणायचं. बस."

पहिली म्हणाली, "नको सर, भाऊ येतोय न्यायला." मी म्हटलं, "त्याला फोन करून सांग ना, कशाला हेलपाटा?" ती गप्प. दुसरीला औषधं घ्यायची होती. "वाटेत घेऊ की." तिसरीचं घर उलट्या दिशेला होतं. "मला कुठे घाई आहे?" दिलेलं प्रत्येक कारण म्हणजे मला पाय ठेवायला पायरी. दहा मिनिटांपूर्वी ज्यांनी पॅड धरणाऱ्या मुलीला दोन पावलं मागे सरकवलं होतं, त्यांचे आवाज आता माझ्यापर्यंत पोचेनात. जवळपास प्रत्येकीच्या तोंडी 'सॉरी' होतं. माझ्यासारख्या नकली सरांनाही!

मग मागच्या रांगेतल्या बाई उठल्या.

"नको सर. मी माझी जाते."

"अहो, वाटेतच आहे."

"नको सर. मी माझी जाते."

"एवढं काय? माझ्यावर विश्वास नाही का?"

क्षणभर थांबल्या. वाक्य तेच आलं, फक्त या वेळी त्या दाराकडे चालायला लागल्या होत्या. टाळ्या पडल्या. भला माणूस पहिल्या नकारावर 'बरं' म्हणतो. घासाघीस करणारा काय आहे हे त्या घासाघिशीतच कळतं, आणि ते त्याच्या गाडीत बसण्याआधी कळलेलं बरं, एवढंच मी त्यावर बोलले. हे सगळं बायकांनीच का शिकायचं, असं एकीने विचारलं. बरोबरच विचारलं. गुन्हा करणाऱ्याचा असतो, तिने नकार नीट दिला की नाही यावर तो ठरत नाही. हे म्हणून झाल्यावरही माझं समाधान झालं नाही, कधीच होत नाही.

सगळ्या गेल्यावर एक मुलगी चपलांपाशी रेंगाळत होती. पंचविशीची असेल. म्हणाली, "माझ्या तोंडून ना, आवाजच फुटला नव्हता. तीन वर्षं झाली. हातसुद्धा हलला नाही."

तिला सांगितलं, याला टॉनिक इमोबिलिटी म्हणतात. अतोनात भीतीत शरीर आपोआप थिजतं, ते कुणी ठरवून करत नाही. बलात्कारानंतर स्टॉकहोममधल्या तातडीच्या केंद्रात आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला, त्यातल्या 70 टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी असंच लक्षणीय थिजल्याचं सांगितलं.

"किती टक्के?"

"सत्तर."

तिने फोन काढला आणि आकडा टिपून ठेवला. समुपदेशकाचा नंबर देऊ का विचारलं, तर मान हलवली. तोही टिपला.

ती गेल्यावर मी पॅड पिशवीत भरत बसले. ती पहिल्या रांगेत होती, माझ्या अगदी समोर. आणि पहिल्या तासाभरात मी निदान पाच वेळा म्हटलं होतं, "आधी ओरडा. ओरडता तर कुणालाही येतं."