कोचचा मिलिटरीचा दाखला काढताना आलेला वैताग – माझा अनुभव

जर्मनीत हेसनमध्ये माझा मुलगा ज्या क्लबात बास्केटबॉल खेळतो तिथले जुने कोच अमेरिकन आहेत, वय नव्वदीला टेकलेलं. आर्मीतून इकडे आले, 1959 ला सुटले, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि परत गेलेच नाहीत. आधी क्लबकडून खेळले, मग पोरांना शिकवत राहिले. तेव्हा असे बरेच होते म्हणे, बॅरॅकमध्ये चांगले हॉल, सैनिकांच्या टीमा, त्यातलेच काहीजण गावातल्या क्लबात यायचे. इथून जवळच्या गीसेन शहरातला एर्नी बटलर तसाच, सॅक्सोफोनसुद्धा वाजवायचा, आणि त्याच्याबरोबर खेळलेल्या होल्गर गेश्विन्डनरनं पुढे एनबीए गाजवणाऱ्या डर्क नोवित्स्कीला घडवलं. आमच्या कोचचं नाव गावाबाहेर कोणाला माहीत नाही, पण गावात कोणीही घर दाखवेल.

तर कोचना सर्व्हिसचा कागद हवा होता, डीडी 214, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळणारा दाखला, घर बदलताना हरवलेला. माजी सैनिकाच्या कबरीचा दगड अमेरिकन सरकार जगात कुठेही फुकट देतं पण कागद लागतो, आणि "माझ्यामागे बायकोला धावपळ नको" हे त्यांचं म्हणणं. जुनी सैनिकी फाईल मागायचा अमेरिकन फॉर्म 180 भरला, सही घेतली, पाठवला.

उत्तर आलं की फाईल बहुतेक जळली. या फायली ठेवतात त्या अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या रेकॉर्ड सेंटरला जुलै 1973 मध्ये मोठी आग लागली होती, 1960 च्या आधी आर्मीतून सुटलेल्यांच्या 80 टक्के फायली त्यात गेल्या. मग दुसरा फॉर्म. त्यात कंपनी, बटालियन, कधी कुठे होतात हे सगळं लिहायचं, कारण पगाराची व्हाउचरं आणि कंपनीचे रोजचे रिपोर्ट धुंडाळून ते माहिती परत जुळवतात. आता कोचना 1958 च्या मॅचचा स्कोअर पाठ, रेफरीनं कुठला फाऊल ढापला तेही पाठ, पण बटालियन विचारली की "थर्ड आर्मर्ड". अहो ती अख्खी डिव्हिजन झाली, हजारो माणसं, गायक एल्विस प्रेस्लीसुद्धा त्यातच होता! (त्याला भेटलात का हे विचारू नका, चिडतात.)

मग आठवलं की बॅरॅकच्या टीमचा एक फोटो होता, मागे कोणीतरी सगळं लिहून ठेवलेलं. तो क्लबनं जुन्या खोक्यांसकट एका आर्काईव्हला देऊन टाकलेला. इथून खरी कटकट. आधी ईमेल, मग अपॉइंटमेंट, मग तिथल्या बाई म्हणतात कॉपी मिळणार नाही, डेटा प्रोटेक्शन, फोटोतल्या प्रत्येकाची लेखी परवानगी आणा. म्हटलं बाई, यातले बहुतेक वर गेलेत. मग वारसांची आणा! आणि फोटोतला एक माणूस, म्हणजे आमचे कोचच, माझ्या शेजारी व्हीलचेअरवर बसलेला, तर त्यांचं ओळखपत्र मागितलं आणि ते घरी. पुन्हा अपॉइंटमेंट. दुसऱ्या खेपेला ओळखपत्र होतं तर बाई सुट्टीवर आणि खोकं "दुसऱ्या इमारतीत". मी तिथे मराठीतून जे बोललो ते इथे लिहीत नाही.

शेवटी फोटो समोर आला. कॉपी नाही, मोबाईल नाही, पण बघायला बंदी नाही ना? फोटो उलटा केला, मागे कंपनी, बटालियन, तारीख, स्वच्छ अक्षरात. पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिल चालते, तेव्हा पेन्सिल घेऊनच जा. उतरवून घेतलं, काम झालं! फॉर्मला फोटो लागतच नव्हता, युनिट लागत होतं.

काही महिन्यांनी एक पानी सर्टिफिकेट आलं, शिक्क्यासकट. हे डीडी 214 नसतं पण त्याच्या जागी चालतं, त्यामुळे "ओरिजिनलच हवं" म्हणून अडून बसू नका. आणि हो, सुटून 62 वर्षं झाली की ती फाईल कोणालाही मागता येते, म्हणजे सैनिक हयात नसला तरी घरच्यांना वाट आहे. युनिट आठवत नसेल तर जुनी पत्रं बघा, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात असतं.

आर्काईव्हनं मध्यंतरी परवानगीचा फॉर्म पोस्टानं पाठवलाय, फोटोतल्या प्रत्येकासाठी सहीचा वेगळा रकाना. कोचनी आपल्या रकान्यात सही करून तो तसाच परत पाठवला.